दोन अंश मागे

काचेच्या खोक्यात बसून त्याने बटण दाबलं. मनातल्या मनात चार मोजले आणि पुन्हा दाबलं. कानांवर जाडजूड हेडफोन होता, काचेपलीकडे तपासणी करणारी मुलगी यंत्राशी खटपट करत होती, आणि त्याला काही म्हणता काही ऐकू येत नव्हतं. पण सुरुवातीला जे आवाज आले होते त्यांची लय त्याने धरून ठेवली होती. एक बारीक सूर, जरा थांबणं, पुन्हा सूर. त्याच अंदाजाने तो दाबत राहिला. चोपन्न वर्षांचा माणूस, आणि परीक्षेत शेजारच्याच्या पेपरात डोकावणाऱ्या पोरासारखा बसला होता.

मुलीने दार उघडलं.

"काका, गेलं दीड मिनिट मी काहीच वाजवलेलं नाही."

"असं होय?"

"तुम्ही सात वेळा बटण दाबलंत."

त्याने बटण मांडीवरून उचलून शेजारी ठेवलं, जणू ते दुसऱ्याच कुणाचं होतं. मानेपर्यंत घाम आला होता. चोरी करावी तर ती निदान पकडली जाणार नाही अशी करावी, एवढीही अक्कल आपल्याला उरली नाही, असं त्याला वाटलं.

"यात पास-नापास नसतं हो," मुलगी हसून म्हणाली. "ऐकू आलं तर दाबा. नाही आलं तर नुसते बसा."

तो नुसता बसला. चांगला बराच वेळ बसला.

नंतर तिने टेबलावर कागद ठेवला. त्यावर एक रेघ होती. डावीकडून निघालेली, बरीचशी सपाट, आणि मग एका जागी पायरी चुकल्यासारखी खाली गेलेली. असल्या रेघा वाचण्यात त्याचं आयुष्य गेलं होतं. समजावून सांगायची गरज नव्हती, पण तिने सांगितलं.

"बोलणं कळतंय तुम्हाला, कारण खालचे आवाज ठीक आहेत. वरचे गेलेत. फोनवर शब्द निसटत असतील. पक्षी ऐकू येतात का?"

"पक्ष्यांकडे कधी लक्ष नव्हतं," तो म्हणाला. मग रेघेच्या उतारावर बोट ठेवलं. "इथे काय आहे? साडेसहा हजार हर्ट्झना?"

तिने वाकून पाहिलं. लोक आकडा सांगून विचारत नसावेत.

"तिथे जवळजवळ काहीच नाही, काका. दोन्ही कानांना. आवाजात काम करता का?"

"गाड्यांच्या."

"मग हे काही आज झालेलं नाही. चार-पाच वर्षं हळूहळू उतरत असणार."

त्याने कागदाची चौघडी केली आणि शर्टाच्या खिशात ठेवली. खिशाचं बटण लावलं. बाहेर पडताना ते लागलंय ना, हे पुन्हा एकदा चाचपलं.

धंद्यात त्याला कानसेन म्हणत. गाणारा तो तानसेन, ऐकणारा तो कानसेन, हा विनोद जुनाच. पण याच्या बाबतीत तो विनोद राहिला नव्हता. गिऱ्हाईकं शेडच्या दारात गाडी उभी करून विचारायची, "कानसेन आहेत का?" आणि त्याची थोरली बहीण, जी पुढच्या ऑफिसात बसून फोन आणि नोंदवही सांभाळायची, ती ऐटीत सांगायची, "आहेत, पण कानाचं काम चालू आहे, बसा."

त्याच्याकडे येणाऱ्या गाड्या वीस-तीस वर्षांच्या, पण जोरकस. टर्बोच्या, दोन दारांच्या, मालकांनी लेकरासारख्या जपलेल्या. त्या काळी इंजिनाचा कॉम्प्युटर म्हणजे पत्र्याचा एक चपटा डबा आणि आत नखाएवढी चिप. त्या चिपमध्ये आकड्यांचे तक्ते असतात: कुठल्या वेगाला किती पेट्रोल सोडायचं, ठिणगी किती लवकर पाडायची. तो ते आकडे काढून घ्यायचा, बदलायचा, नवी चिप बसवायचा आणि गाडी शेडमधल्या रोलरवर जागच्या जागी पळवायचा. ठिणगी एकेक अंश अलीकडे आणत गेलं की जोर वाढतो. वाढतो, वाढतो, आणि एका जागी इंजिन आतून बोलायला लागतं. पत्र्याच्या डब्यात दोन-चार खडे हलावेत असा आवाज. त्याला नॉकिंग म्हणतात, आणि त्याचा सूर साडेसहा हजारांच्या आसपास. तो आवाज मिनिटभर जरी अंगावर घेतला तरी पिस्टनचं भजं होतं.

तो आवाज पकडायला त्याने इंजिनाला तांब्याची नळी लावलेली असे, आणि नळीचं दुसरं टोक हेडफोनला. रोलर घरघरतोय, पंखा ढणढणतोय, आणि हा डोळे मिटून उभा. पहिला खडा हलला की हात वर. दोन अंश मागे. हे दोन अंश म्हणजे सगळा धंदा. नवी मंडळी लॅपटॉपवर नॉकिंगचा दिवा लागायची वाट बघत काम करतात, त्यांची तो यथेच्छ टिंगल करायचा. "दिवा बघून गाडी जुळवणं म्हणजे घड्याळ बघून भूक लागणं," असं म्हणायचा, आणि लोक हसायचे.

गेली दोन-तीन वर्षं मात्र त्याला एक गंमत जाणवत होती. गाड्या आताशा जास्त सोसत होत्या. पूर्वी जिथे सव्वीस अंशांवर खडा हलायचा तिथे आता अठ्ठावीस, एकोणतीस, कधी तीस, तरी इंजिन आपलं शांत. रोलरवरचे आकडे चढत होते, गिऱ्हाईकं खूश होती. त्याने सगळ्यांना सांगितलं होतं की हल्ली पेट्रोल सुधारलंय. अगदी छातीठोकपणे सांगितलं होतं. आता रस्त्याने चालताना ते आठवून त्याला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली. पेट्रोल सुधारलंय म्हणे!

पाच आठवड्यांपूर्वी दातांच्या डॉक्टरीणबाईंची गाडी फुटली. इंजिन नुकतंच नव्याने बांधलेलं होतं. बांधलं होतं भावोजींनी, म्हणजे ताईच्या नवऱ्याने. दोघांच्या शेड भिंतीला भिंत लावून, मधे दार. भावोजी इंजिन उभं करणार, हा त्यात जीव फुंकणार, असं तीस वर्षं चाललेलं. भावोजींच्या हातचं इंजिन थेंबभर ऑइल जाळत नाही, अशी त्यांची ख्याती होती. आणि हे इंजिन आठव्या दिवशी निळा धूर ओकत टोइंगच्या गाडीवरून परत आलं.

भावोजींनी ते उघडलं तेव्हा डॉक्टरीणबाई समोरच उभ्या होत्या. दवाखान्यातून तडक आल्या होत्या. तिसऱ्या पिस्टनची कड तुटली होती आणि त्याच्याभोवतीच्या वरच्या रिंगेचे तुकडे झाले होते. शिल्लक कडेला मिरपूड उडाल्यासारखे बारीक खड्डे होते. भावोजींनी चष्मा लावून ते पाहिले.

"दिसतंय तर नॉकिंगसारखं," ते पुटपुटले. आणि मग स्वतःच मान हलवली. "पण रोलरवर तू होतास. म्हणजे ते नाही."

तो त्या खड्ड्यांकडे बघत राहिला.

"मग काय झालं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. त्या त्यालाच विचारत होत्या. त्यांचा आवाज चढला नव्हता, हेच जास्त अवघड होतं. "मला फक्त कळायला हवं, हे कशामुळे झालं."

आणि त्याने भावोजींकडे बघितलं. बस, एवढंच. तोंडातून शब्द काढला नाही. पण ते बघणं असं होतं की डॉक्टरीणबाईंनीही तिकडेच बघितलं, आणि भावोजी हातातल्या तुटक्या रिंगेकडे बघायला लागले.

"रिंगेची फट कमी राहिली असेल," भावोजी शेवटी म्हणाले. "तापल्यावर टोकाला टोक भिडलं की असं होतं. माझ्या हातून राहिलं असेल. माफ करा मला, डॉक्टर. मी पुन्हा बांधून देतो."

मान खाली घालून, हात पुसायचं फडकं चुरगाळत त्यांनी माफी मागितली होती. साठीला आलेला माणूस. आणि हा शेजारी उभा राहून ती ऐकत होता. ती मात्र त्याला नीट ऐकू आली होती.

तेव्हापासून तो मनाची समजूत घालत होता की आपण खोटं बोललेलो नाही. शब्दच नाही, तर खोटं कुठून? पण चार दिवसांनी त्याने त्या गाडीची फाइल उघडली. सर्वांत जास्त जोराच्या जागी त्याने एकतीस अंश लिहिले होते. त्याच गाडीची पाच वर्षांपूर्वीची फाइलही त्याच्याकडेच होती, त्याच्याच हातची. तिथे सव्वीस होते. मग तपासणीची वेळ घ्यायला त्याला चार आठवडे लागले, कारण फोन ताईच्या टेबलावर होता आणि स्वतःच्या मोबाइलवरून करायचा तर पलीकडचं नीट कळत नव्हतं. शेवटी तो स्वतः जाऊन नाव देऊन आला.

ताईने या पाच आठवड्यांत नवऱ्याला धारेवर धरलं होतं. ती काही वाईट बाई नव्हे; पण भावाचं कौतुक हा तिचा प्राण होता. चहा देताना म्हणायची, "घ्या, कप तरी नीट धरा." गिऱ्हाइकासमोर म्हणायची, "माझ्या भावाने तीस वर्षांत नाव कमावलं, आमच्या ह्यांनी एका रिंगेत घालवलं." भावोजी हसून घ्यायचे. सुरुवातीला.

तपासणीहून परतून तो शेडमध्ये शिरला तेव्हा त्याला भावोजींचं गुणगुणणं ऐकू आलं. भावोजींचा आवाज घोगरा, खालचा. तो अजून शाबूत होता. पाच आठवड्यांत पहिल्यांदाच ते गुणगुणत होते.

"ये ये, मेहुणेबुवा! चोर सापडला."

"कसला चोर?"

भावोजींनी पोलादाची एक कागदासारखी पातळ पट्टी वर धरली. रिंगेच्या दोन टोकांमधली फट मोजायचं पातं.

"वीस वर्षं हेच वापरतोय. काल मापून बघितलं, तर झिजलंय! म्हणजे मला वाटत होतं फट पुरेशी आहे, आणि ती होती कमी. मी म्हणतच होतो, माझ्या हातून असं होणार नाही. हात नाही चुकला रे, पातं चुकलं."

त्यांचा चेहरा इतका उजळला होता की त्याच्याकडे बघवेना.

"किती झिजलंय?"

"मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहून थोडं कमी."

"एवढ्याने इंजिन फुटत नाही, भावोजी."

"एवढ्याने नाही फुटत, कबूल. पण पातंच खोटं निघालं, तर बाकीचं काय काय खोटं असेल कुणी सांगावं? म्हणून मी ठरवलंय, यापुढे सगळ्या फटी दीडपट ठेवायच्या. जोर जरा कमी मिळेल, मिळू दे. पुन्हा कुणाच्या समोर तसं उभं राहायचं नाही मला."

टेबलावर स्वच्छ कपड्यावर डॉक्टरीणबाईंच्या इंजिनाच्या नव्या रिंगा ओळीने मांडल्या होत्या. पलीकडे आणखी दोन गाड्यांच्या रिंगांचे डबे उघडे होते. रिंगेची टोकं घासायच्या लहानशा दगडी चाकाला भावोजींनी हँडल लावलं होतं. दोन रिंगा घासून झालेल्या दिसत होत्या. तिसरी त्यांनी चाकावर चढवली.

घासलेली रिंग परत वाढत नाही. दीडपट फट म्हणजे गॅस खाली गळणार, ऑइल वर येणार, इंजिन म्हाताऱ्यासारखं धापा टाकणार. आणि ज्याचं इंजिन थेंबभर ऑइल जाळत नाही, तो माणूस यापुढे आयुष्यभर, घाबरून, वाईट इंजिनं बांधणार.

आणि तरीही, खरं सांगायचं तर, चाक फिरू लागलं तेव्हा त्याच्या मनात पहिला विचार आला तो सुटकेचा. सगळं कसं छान मिटलं होतं! दोष पात्याचा. पातं कचऱ्यात. भावोजी गुणगुणतायत, ताईही चार दिवसांत गप्प होईल. झाकली मूठ सव्वा लाखाची. खिशातला कागद फाडून टाकायला एक क्षण पुरला असता.

हा विचार आला, आणि त्याला स्वतःची किळस आली. त्याने हात पुढे करून हँडल धरलं.

"थांबा."

"काय रे?"

"फट बरोबर होती."

"तुला काय माहीत?"

त्याने खिशाचं बटण काढलं आणि कागद उलगडून दिला. भावोजींनी कपाळावरचा चष्मा खाली ओढला, कागद हाताएवढा लांब धरला.

"कुठल्या गाडीचा हा?" ते म्हणाले. "वरच्या वेगाला एकदम झोपलीय की. टर्बो गेलाय का हिचा?"

"गाडीचा नाही. माझा आहे."

भावोजींनी पुन्हा बघितलं. या वेळी वरची अक्षरं वाचली. ओठ हलवत, हळूहळू. मग कागद रिंगांच्या शेजारी ठेवला, रिंगांना लागणार नाही असा.

"मला नॉकिंग ऐकू येत नाही," तो म्हणाला. बोलायला लागल्यावर ते भराभर आलं. "ती म्हणाली चार-पाच वर्षं उतरतंय. मला शंका यायची, मी ती झटकून टाकायचो. त्या गाडीला मी एकतीस दिले होते. एकतीस. पिस्टनवरचे ते खड्डे नॉकिंगचेच. तुम्ही ओळखलंत, पण तुम्ही माझ्या कानावर विश्वास टाकलात."

भावोजींनी चष्मा कपाळावर सरकवला. बाहेर ताईचा फोन वाजत असावा. ऑफिसच्या काचेतून ती तो उचलताना दिसली.

"त्या दिवशी तुला माहीत होतं?" भावोजींनी विचारलं.

"कान गेलाय, हे नक्की माहीत नव्हतं."

"ते नाही विचारलं मी."

त्याने मान खाली घातली. "रिंगेमुळे नाही फुटलं, हे माहीत होतं."

भावोजींनी घासलेल्या दोन रिंगा उचलल्या, तळहातावर एकावर एक ठेवल्या आणि थोडा वेळ बघत राहिले.

"ह्या दोन गेल्या," ते म्हणाले. मग म्हणाले, "पाच आठवडे मी चहाचा कप उचलतानासुद्धा हाताकडे बघतोय. थरथरतोय का म्हणून."

"भावोजी—"

"गप्प बस जरा. तुला चांगली सवय आहे त्याची."

हे लागलं. लागायलाच हवं होतं. भावोजी उठले, रिंगा कागदात गुंडाळल्या, त्या कुठे ठेवायच्या हे न सुचून पुन्हा तिथेच ठेवल्या.

"अजून किती गाड्या?"

"तीन वर्षांतल्या धरल्या तर चौदा."

"चौदा!" भावोजींनी कपाळावर हात मारला. "त्या रस्त्यावर पळतायत, आणि आपण इथे गप्पा मारतोय. सगळ्यांना आजच्या आज फोन. गाडी दामटू नका म्हणावं, आणून उभी करा."

"हो. मी तेच—"

"आणि सांगायचं, इंजिनवाल्याचं पातं खोटं निघालं, तपासायला हवं."

त्याला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

"बघतोस काय? मोठेपणा नाही करत मी. राग असा आलाय की हा पाना फेकून मारावा. पण माझं नाव खराब व्हायचं ते झालंय. तुझा कान गेला असं एकदा बाहेर कळलं की इकडे कुत्रं फिरकणार नाही. तुझा रोलर थांबला की माझं टेबल थांबलं. दोघांची घरं त्यावर आहेत. दिवावाला लॅपटॉप आणू, शीक मुकाट्याने, सहा महिन्यांत कुणाला कळणारही नाही."

"आणि ताई?"

भावोजींनी काचेपलीकडे पाहिलं. ताई पेन्सिल कानामागे खोचून कुणाशी तरी हसून बोलत होती.

"तिला तर अजिबात नाही," ते हलक्या आवाजात म्हणाले. त्यांच्या ओठांवरून त्याला ते कळलं. "पाच आठवडे मला वाट्टेल ते बोललीय ती. उद्या कळलं की सगळं तुझं होतं, तर कुठल्या तोंडाने बसेल माझ्यासमोर जेवायला? राहू दे. मला सवय झालीय आता."

ऑफिसात शिरले तेव्हा ताईने दोघांकडे आळीपाळीने बघितलं.

"काय झालं? चेहरे का असे, मांजर आडवं गेल्यासारखे?"

"डॉक्टरीणबाईंची गाडी शनिवारी होत नाही," भावोजी म्हणाले. "दोन रिंगा नव्या मागवायला हव्यात. घासताना जास्त गेल्या."

"पुन्हा?" ताईने पेन्सिल टेबलावर आपटली. "अहो, तुमच्या हातांना झालंय तरी काय? ती बाई इतकी सभ्य म्हणून, दुसरी कुणी असती तर आपली लक्तरं वेशीवर टांगली असती. काय सांगू तिला आता? आमच्या ह्यांनी पुन्हा दिवे लावले म्हणून?"

"तसंच सांग," भावोजी म्हणाले.

"ह्याच्याकडे बघा जरा," ताई भावाकडे हात करून म्हणाली. "एका शब्दाने बोलला का तो तुम्हाला? दुसरा असता तर भांडला असता. माझा भाऊ म्हणून गिळून बसलाय बिचारा."

भावोजी हसले. ते हसणं त्याने या पाच आठवड्यांत पाहिलं होतं आणि त्याला ते साधं वाटलं होतं.

ताईने नंबर लावला. एका हाताने वही धरून दुसऱ्याने लिहिता यावं म्हणून ती फोन नेहमी स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवायची. तसाच ठेवला. घंटी गेली. पलीकडून डॉक्टरीणबाईंचा आवाज आला.

"हां, डॉक्टर, मी गॅरेजमधून बोलतेय," ताई म्हणाली. "ते जरा गाडीचं असं झालंय..." तिने भावोजींकडे भुवई उडवली.

"सांग, माझ्या हातून—" भावोजींनी सुरुवात केली.

त्याने पुढे वाकून फोन स्वतःकडे ओढला.

"डॉक्टर, मी बोलतोय." कानसेन हे नाव जिभेवर आलं होतं, ते उच्चारवेना. "रोलरवाला. तुमचं इंजिन फुटलं ते माझ्यामुळे. रिंगेमुळे नाही. मला इंजिनातला एक आवाज ऐकू यायला हवा, तो येत नाही. माझे कान गेलेत, आज तपासून आलो. मी ठिणगी फार अलीकडे आणली आणि पिस्टन तुटला. इंजिन बांधलेलं बरोबर होतं. त्यात तसूभर चूक नव्हती."

ताईची पेन्सिल वहीवर टेकलेली होती, ती तशीच राहिली. भावोजींनी डोळे मिटून घेतले आणि खुर्चीच्या पाठीला हात टेकवला.

फोनमधून डॉक्टरीणबाई काहीतरी बोलल्या. शेडमध्ये कॉम्प्रेसर सुरू झाला होता, आणि त्याच्यापर्यंत नुसता आवाजाचा चढउतार आला, शब्द आले नाहीत. प्रश्न आहे एवढं कळलं. त्याने ताईकडे बघितलं.

ताईला वेळ लागला. तिने पेन्सिल खाली ठेवली.

"त्या विचारतायत," ती म्हणाली. त्याला ऐकू जावं म्हणून मोठ्याने म्हणाली, आणि म्हणता म्हणता तिची नजर भावावरून नवऱ्यावर गेली. "विचारतायत, रिंगेमुळे नव्हतं, तर त्या दिवशी ह्यांनी माफी का मागितली?"

"मी ह्यांच्याकडे बघितलं म्हणून," तो म्हणाला.

पलीकडे डॉक्टरीणबाई थोडं थांबून पुन्हा बोलायला लागल्या. बराच वेळ बोलत होत्या. त्याने परत ताईकडे पाहिलं. ताई ऐकत होती, एकेक शब्द ऐकत होती, आणि तिचा हात टेबलावरून सरकत सरकत नवऱ्याच्या हाताशी जाऊन थांबला होता. पण या खेपेला तिने भावाला काही सांगितलं नाही.